खाडीकाठचा न निघालेला अल्बम

आगरी-कोळी गाण्याला आज काही कमी आहे, असं वरवर पाहणाऱ्याला वाटणार नाही. पनवेल, उरण, अलिबाग, भिवंडी, वसई या पट्ट्यात लग्नसराईतली एकही हळद या गाण्यांवाचून पार पडत नाही. पुण्या-नाशिकच्या वरातीतही ‘वेसावची पारू’ वाजते आणि कोळीवाडा न पाहिलेली मंडळी तिच्यावर नाचतात. यूट्यूबवर नव्या गाण्यांची रीघ लागलेली आहे. पनवेल तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात विचारा, स्वतः लिहिणारा, स्वतः चाल लावणारा आणि स्वतःच गाणारा एखादा पोरगा हमखास निघेल.

पण त्याच गावात दुसरा प्रश्न विचारून पाहा. एकाच माणसाने लिहिलेला आणि गायलेला, पाऊण तास सलग ऐकावा असा आणि ऐकून संपल्यावर गेल्या पन्नास वर्षांत या खाडीकाठावर काय गुजरलं ते उमजावं असा एक अल्बम सांगा. इथे जाणकारही अडखळतात. गाणी पुष्कळ आठवतात, अल्बम आठवत नाही.

हा प्रश्न सुचतो तो अमेरिकेकडे पाहून. तिथे गावाकडच्या गाण्याचा, म्हणजे ‘कंट्री’चा मोठा बाजार नॅशव्हिल शहरात आहे. त्या बाजाराच्या गुळगुळीत गाण्यांना कंटाळलेल्या काहींनी १९९०च्या आसपास वेगळी वाट धरली. जुनी गावरान चाल, रॉकचा खडबडीतपणा आणि स्वतःचे शब्द अशा या प्रकाराला पुढे ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ हे नाव पडलं. या गायक-कवींचं मुख्य काम अल्बमच्या रूपात आहे. एक माणूस, दहा-बारा गाणी, एक मुलूख. आपल्याकडे मुलूख आहे, माणसं आहेत, गाणीही आहेत. मग घोडं अडलं कुठे, याचा हा आढावा.

एका तोंडचं गाणं

स्वतः रचून स्वतः गाणारा माणूस मराठीला नवा नाही. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा हिने तेराव्या शतकात ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने रुक्मिणीस्वयंवराचे ‘धवळे’ रचले आणि गायले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. पनवेल-उरणच्या आगरी लग्नांत आजही कुठे कुठे धवलारीण बोलावतात. मांडव घालण्यापासून हळद, तेल, पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं ठरलेलं गाणं असतं. भटजी नसला तरी चालेल, पण धवलारीण हवी, असा या समाजात एके काळी दंडक होता. तिच्यापुढे वही नसते. एक ओळ ती उचलते, सोबतची बाई ती झेलते. नवरीचं नाव, तिच्या मामाचं नाव, गावदेवीचं नाव जागच्या जागी गाण्यात बसत जातं. चाल पिढीजात असली तरी त्या रात्रीचं गाणं त्या रात्रीपुरतं तिचं असतं.

शाहिरांची गोष्ट आणखी उघड आहे. राम जोशी काय, होनाजी काय किंवा पठ्ठे बापूराव काय, लावणीच्या अखेरीस स्वतःचं नाव गुंफल्याशिवाय त्यांचं कवन पुरं होत नसे. रेठऱ्याच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांनी ब्राह्मण्य सोडून फड उभारला आणि ते पठ्ठे बापूराव झाले. शब्द त्यांचेच आणि गळाही त्यांचाच. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हाही लिहिणारा आणि गाणारा यांच्यात भिंत नव्हती. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर हेच केलं. कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या बारीत तर दोन शाहीर समोरासमोर उभे राहून स्वतःच्या रचनेनेच एकमेकांना अडवतात. कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनीत येऊन राहिलेल्या चाकरमान्यांनी ही परंपरा पनवेलच्या वेशीत आणून ठेवली आहे.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या गात गेल्या, मुलाने टिपून ठेवलं आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तक आलं. आपण त्यांना कवयित्री म्हणतो ते योग्यच. पण त्या आधी गाणाऱ्या होत्या. त्यांचा आवाज कुणी मुद्रित केला नाही, म्हणून त्यांचं गाणं आपल्याकडे कविता होऊन आलं. पुढे ‘मानिनी’ (१९६१) चित्रपटात दुसऱ्याच गळ्यातून त्याला चाल मिळाली, तीही वसंत पवारांची.

तबकडीने केलेली वाटणी

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला. त्याच्यासमोर गौहरजानने गाणं संपवून स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं. शाहिराची नाममुद्रा तबकडीवर आली ती अशी. मात्र तबकडीचा धंदा वाढला, तशी कामांची वाटणी झाली. तीन मिनिटांच्या आत बसणारं गाणं हवं; त्यासाठी शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा. ग. ना. जोशींनी १९३२ मध्ये ना. घ. देशपांड्यांची कविता तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताचा रस्ता खुला झाला. त्यानंतरच्या अर्धशतकात ‘गीत, संगीत, स्वर’ हे त्रिकूट मराठी कानात इतकं मुरलं की रेडिओवरच्या निवेदनालाही त्याचीच लय लागली.

ही वाटणी वाईट होती असं कोण म्हणेल? ‘गीतरामायण’ तिच्यातूनच आलं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर माडगूळकरांची ५६ गीतं सुधीर फडक्यांच्या चालींत प्रसारित झाली. एक कथा, एक सूर, अनेक गळे. सलग ऐकायचं, एकमेकांत ओवलेलं गाणं मराठी माणसाला परकं नाही, याचा याहून मोठा दाखला नको. आख्यान, कीर्तन, जागरण-गोंधळ हे सगळे तासनतास चालणारे प्रकार आपलेच आहेत. ‘अल्बम हा परदेशी साचा, आपल्याला तो हवा कशाला’ हा आक्षेप म्हणूनच फारसा टिकत नाही.

कोळीगीत तबकडीवर आलं तेही याच त्रिकुटातून. ‘वैशाख वणवा’ (१९६४) चित्रपटात माहेरी निघालेल्या गोमूचं गाणं माडगूळकरांचं, चाल दत्ता डावजेकरांची आणि गळा जितेंद्र अभिषेकींचा. पुढे शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गो’, ‘राजा सारंगा’ अशी गाणी दिली. लता मंगेशकरांच्या आणि ‘मी डोलकर’मध्ये त्यांच्या जोडीला हेमंतकुमारांच्या आवाजाने ती घरोघर गेली. शांताबाई जन्माने इंदापूरच्या, समुद्रापासून कोसभर नव्हे, शंभरावर मैल दूरच्या. त्यांनी खलाशाची बायको इतकी सच्ची उभी केली की कोळीवाड्यांनीही ती गाणी आपली मानली. बाहेरच्याने दुसऱ्याच्या मुलखाचं गाणं लिहू नये, हा हट्ट या एका उदाहरणापुढेच लटका पडतो.

तरी एक गोष्ट घडली. उर्वरित महाराष्ट्राच्या कानात कोळी म्हणजे होडी, वादळ, सोनसाखळी आणि वाट पाहणारी घरधनीण, एवढंच चित्र पक्कं झालं. मासळीचा भाव, दलालाचं कर्ज, खाडीत सुटणारं कारखान्याचं पाणी या चित्राबाहेर राहिलं. बोलीचंही तसंच झालं. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ करणारी खाडीकाठची बोली चवीपुरती आली.

याला मोठा अपवाद म्हणजे विठ्ठल उमप (१९३१–२०१०). कोळीगीत, भीमगीत, गोंधळ, भारूड असं सगळं त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं आणि ‘जांभूळ आख्यान’ रंगभूमीवर नेऊन एकट्याच्या बळावर लोककलेचा मोठा घाट किती ताकदीने पेलता येतो ते दाखवलं.

कॅसेटचा सुकाळ

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्हीची सद्दी संपली. उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. टी-सीरिज, व्हीनस आणि त्यांच्यामागून असंख्य छोट्या कंपन्या उतरल्या. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेट भरायला एक खोली पुरे. खर्च उतरल्यावर जिल्ह्यापुरतं, जातीपुरतं, एका देवस्थानापुरतं गाणंही परवडू लागलं. प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज याच लाटेवर गावोगाव पोचले.

आगरी-कोळी गाण्याचं खरं घर या काळात बांधलं गेलं. वेसाव्याचे शाहीर काशीराम चिंचय आणि ‘वेसावकर आणि मंडळी’ यांनी कोळीवाड्याचं गाणं कोळीवाड्याच्याच तोंडून बाजारात आणलं. बोली अस्सल होती, ठेका नाचाचा होता आणि लेखणी घरचीच होती. त्यापाठोपाठ पालघरपासून अलिबागपर्यंत गावोगावच्या मंडळांनी कॅसेट काढल्या. पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या टपऱ्यांवर एकवीरा आईच्या, नारळी पौर्णिमेच्या, हळदीच्या कॅसेटींची चळत असे.

त्यातली एखादी कॅसेट आजही कुणाच्या माळ्यावर मिळाली, तर तिचं आतलं कार्ड नीट पाहावं. पुढे कार्ल्याचा डोंगर किंवा शिडाची होडी, मागे दोन बाजूंची चार-चार गाणी. गायकांची नावं ठळक. त्याखाली बारीक अक्षरांत निर्माता, ध्वनिमुद्रण, ढोलकी, बेंजो, कीबोर्ड. गीतकाराच्या जागी पुष्कळदा ‘पारंपरिक’ असा एकच शब्द. काही वेळा तो खराच असतो. काही वेळा मात्र त्या शब्दाआड धवलारणीच्या तोंडून उचललेली ओळ असते किंवा गावच्याच कुणा हयात माणसाची रचना असते आणि त्याचं नाव छापायचं कुणाच्या मनातही आलेलं नसतं. आठ गाणी एका कॅसेटमध्ये असली तरी ती एकमेकांशी बोलत नाहीत. एक देवीचं, एक हळदीचं, एक टिंगलीचं, एक सणाचं. कॅसेट हा अल्बमच होता, पण त्याला कुणी अल्बम म्हणून रचला नाही. तो पूजेच्या ताटासारखा भरला.

तिकडे काय झालं

अमेरिकी कंट्रीचा उगम सांगताना १९२७ चा उन्हाळा सांगावाच लागतो. टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअरने व्हिक्टर कंपनीसाठी डोंगराळ भागातल्या गाणाऱ्यांची गाणी मुद्रित केली. त्यांत कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स होते. पीअरला हवी होती ती आधी कुणाच्या नावावर नसलेली गाणी, कारण त्यांच्या हक्कांतून त्याला पैसा मिळणार होता. म्हणजे ‘स्वतःचं गाणं आण’ ही तिथली अट कलेतून आली तेवढीच व्यापारातूनही आली. मग ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांत हिंडून गाणी गोळा करू लागले. सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. चाल ध्यानात ठेवायचं काम त्याचं. गाणी नोंदली गेली कार्टरच्या नावावर. आपल्याकडच्या ‘पारंपरिक’ या शब्दाने ज्यांची नावं झाकली, त्यांची आणि रिडलची कहाणी एकच.

ब्रिस्टलनंतर नऊ वर्षांनी, १९३६ साली, कार्टर कुटुंबाने ‘नो डिप्रेशन’ हे मंदीच्या काळातलं भक्तिगीत मुद्रित केलं. १९९० साली इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावच्या ‘अंकल टुपेलो’ या तरुण त्रयीने आपल्या पहिल्या अल्बमला तेच नाव दिलं. १९९५ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं आणि चळवळीला पत्ता मिळाला. या मंडळींचा तिसरा अल्बम आपल्या दृष्टीने अधिक कामाचा आहे. त्याचं नावच ‘मार्च १६–२०, १९९२’, कारण तो त्या पाच दिवसांत मुद्रित झाला. आर.ई.एम. या रॉक बँडच्या पीटर बकने तो निर्माण केला. वाद्यं बहुतेक लाकडी, विजेविना वाजणारी. खाणकामगारांची जुनी पारंपरिक गाणी आणि या पोरांची स्वतःची नवी गाणी शेजारी-शेजारी बसवलेली. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कार्ड वाचल्याशिवाय कळू नये, इतकी ती एकजीव झाली आहेत.

दुसरा नमुना ल्युसिंडा विल्यम्सचा. ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ हा तिचा अल्बम १९९८ मध्ये आला, तोवर आधीच्या अल्बमला सहा वर्षं उलटली होती. एकदा केलेलं मुद्रण तिला पटलं नाही. तिने ते मोडीत काढलं, नॅशव्हिलला स्टीव्ह अर्लबरोबर पुन्हा केलं आणि त्यावरही पुन्हा हात फिरवला. लोक तिला हट्टी म्हणाले. हाती आलं ते असं : लेक चार्ल्स, जॅक्सन, ग्रीनव्हिल, मेकन अशा दक्षिणेतल्या लहान-मोठ्या गावांची नावं एकामागून एक येतात आणि प्रत्येक गावाला एक माणूस, एक भांडण किंवा एक मरण चिकटलेलं असतं. शीर्षकगीतात मागच्या सीटवर बसलेलं एक मूल आहे. घरात काहीतरी बिनसलंय एवढंच त्याला कळतं. खडीच्या रस्त्यावरून गाडी चाललेली आहे. कुणीही काही समजावून सांगत नाही. तिचे वडील मिलर विल्यम्स स्वतः कवी. ते गाणं ऐकून त्यांनी लेकीची माफी मागितली, असं तिने सांगितलं आहे. या अल्बमला ग्रॅमी मिळालं, पण त्याची खरी कमाई वेगळी आहे : लुइझियाना-मिसिसिपी न पाहिलेल्या माणसालाही तो मुलूख ओळखीचा होतो.

अस्सलपणाचा वाद तिथेही झडला. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली आणि लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली गिलियन वेल्च अॅपलेशियन डोंगरातली गाणी लिहिते म्हणून टीकाकारांनी नाकं मुरडली. तिने स्वतःची कंपनी काढली, २००१ मध्ये ‘टाइम (द रेव्हलेटर)’ हा अल्बम दिला आणि वाद आपोआप शमला. शांताबाईंच्या बाबतीत कोळीवाड्यांनी जो निवाडा दिला, तोच तिथल्या श्रोत्यांनी दिला.

खर्चाचा मुद्दाही निकाली निघालेला आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली ‘नेब्रास्का’ घरच्या खोलीत, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर मुद्रित केला. स्टुडिओत बँडसह पुन्हा करून पाहिलं, पण कॅसेटवरचा जिवंतपणा येईना. अखेर तीच कॅसेट अल्बम म्हणून निघाली. १९९४ साली जॉनी कॅशने ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’साठी एका गिटारीवर गाऊन, संपत आलेली कारकीर्द पुन्हा उभी केली. त्यातली बरीच गाणी निर्माता रिक रुबिन याच्या दिवाणखान्यात मुद्रित झाली. आपल्या खाडीकाठावरही त्या काळात कॅसेट यंत्रं होती. फरक यंत्राचा नव्हता.

गावं हलली, गाणं कुठे आहे?

१९७० च्या मार्चमध्ये ‘सिडको’ या नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी संपादनात आल्या. भातशेती, मिठागरं, खाजणं, खाडीतली मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज एका पिढीत भूमिपुत्राचा प्रकल्पग्रस्त झाला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघर परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं.

मग नवी मुंबईचा विमानतळ. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवलीवाडा, उलवे अशी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. विमानतळाला ‘दिबां’चं नाव द्या म्हणून १० जून २०२१ रोजी लोकांनी मानवी साखळी धरली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. दरम्यान १८५२ ची जुनी पनवेल नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली होती.

जमीन गेली, पैसा आला, काहींचा राहिला, काहींचा गाडी-बंगल्यात विरला. भाऊबंदकी कोर्टात गेली. देवीचं देऊळ नव्या जागी आलं, पण ज्या आंब्याखाली तिचा मान होता तो आंबा धावपट्टीखाली गेला, अशा कहाण्या पुनर्वसनाच्या पुष्पकनगरपासून वडघरपर्यंत घरोघर ऐकायला मिळतात. नोकरीला लागलेला पोरगा आपल्याच आजोबांच्या शेतावर उभ्या इमारतीत सुरक्षारक्षक आहे. गाण्याला याहून जास्त काय हवं?

सभांमधून, मोर्चांमधून गाणी झाली. शाहिरांनी ती पेटवली. पण मुद्रित बाजारात पारडं झुकलं ते हळद, एकवीरा, नारळी पौर्णिमा आणि दादागिरीच्या दिमाखाकडे. सोनं, गाडी, ‘आमचा नाद करायचा नाय’ हा सूर. त्या सुराला हसू नये. ज्या समाजाला खोतांनी आणि सावकारांनी पिढ्यान्‌पिढ्या खाली दाबलं, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी ज्या जुलमाविरुद्ध १९३३ ते १९३९ असा सलग संप केला, त्याच्या हाती पैसा आला तर त्याने तो मिरवावा, यात गैर काय? फक्त मिरवण्याच्या गाण्याला दुसरी बाजू नसली, की ते एकाच खुंटीवर लटकतं. मोबदल्याची गाडी गाण्यात आली आणि ती ज्या बांधाच्या बदल्यात आली तो बांध आला नाही.

हळदीचं अर्थकारण

याला गाणाऱ्यांची कल्पकता कमी पडते, हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. खरी अडचण पैशाच्या वाटेत आहे. आगरी-कोळी गाण्याचं सर्वांत मोठं व्यासपीठ हळद. तिथे डीजे, ब्रास बँड, बेंजो पार्टी यांच्याकडून रात्रभर गाणी वाजतात. पण प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांतल्या वादनाला सूट आहे. या सवलतीची हद्द कुठवर, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. पण गावातल्या मांडवात वाजलेल्या गाण्याचे पैसे त्याच्या कर्त्यापर्यंत येत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. आणि ही सूट काढावी असंही कुणी म्हणणार नाही, गरिबाच्या लग्नात वसुली अधिकारी कुणाला हवाय?

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला वाटा कायमचा राखून दिला. तो त्यांना लिहून देऊनही टाकता येत नाही. मात्र तो मिळवायचा तर नाव नोंदलेलं हवं, प्रताधिकार संस्थेचं सदस्यत्व हवं, कार्डावर ‘पारंपरिक’ऐवजी माणूस हवा. खाडीकाठच्या कितीतरी रचनाकारांची गाडी पहिल्याच स्टेशनावर अडते.

मग उरतं यूट्यूब आणि कार्यक्रमाची सुपारी. यूट्यूबला पुढच्या सणाच्या आत नवं गाणं हवं. सुपारी देणाऱ्याला नाचायचं गाणं हवं. दोघांनाही दहा गाण्यांची एक गोष्ट नको आहे. शब्द, चाल आणि गळा एकाच माणसाकडे परत आला, ही या माध्यमाची मोठी देणगी. जळगावकडचा संजू राठोड स्वतःच्या ‘गुलाबी साडी’वर २०२४ मध्ये देशभर पोचला; भिवंडीचे संतोष चौधरी म्हणजे ‘दादूस’ आगरी गाण्याच्या जोरावर बिग बॉस मराठीच्या घरापर्यंत गेले. गायक-कवी परत आला खरा, पण एका वेळी एकच गाणं घेऊन.

शहरी मराठीत याला उतारा सापडला होता. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ पासून ‘आयुष्यावर बोलू काही’ तिकीट लावून नाट्यगृहात चालवलं. लोक खुर्चीत बसून, नाचता न येण्याच्या जागी, शब्द ऐकायला आले. अल्बमला श्रोता असा घडतो. आगरी-कोळी गाण्याला मांडव मिळाला, मैदान मिळालं, ट्रॉली मिळाली. खुर्ची फारशी मिळाली नाही.

निवाडा

एकंदर हिशेब असा. मराठी मुलखात स्वतःचं रचून गाणारी माणसं सातशेहून अधिक वर्षं आहेत. तबकडीने त्यांचे तीन तुकडे केले, कॅसेटने ते सांधले पण गाणी सुटी ठेवली, यूट्यूबने गाणी आणखी सुटी केली. खाडीकाठच्या गायकाला प्रतिभेची वाण नाही. वाण आहे ती सलग ऐकणाऱ्या श्रोत्याची, नाव छापणाऱ्या निर्मात्याची आणि न नाचता ऐकण्याच्या जागेची.

या तिन्ही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. पनवेल महापालिकेकडे आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिथे वर्षातून एक संध्याकाळ तरी आगरी-कोळी गायक-कवीला एकट्याने, डीजेविना, तिकीट लावून मिळावी. विमानतळ आणि बंदरातून फायदा घेणाऱ्या कंपन्यांचा सामाजिक निधी आहे. त्यातला अगदी थोडा भाग हयात धवलारणींचे आवाज नावानिशी मुद्रित करायला लागावा, कारण त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. कॅसेट काढलेल्या मंडळांनी आपल्या जुन्या कार्डांवरच्या ‘पारंपरिक’ या शब्दामागे कोण होतं ते हयातीतच लिहून ठेवावं.

आणि जो पोरगा आज कामोठ्यातल्या किंवा गव्हाणमधल्या भाड्याच्या स्टुडिओत पुढच्या हळदीचं गाणं भरतो आहे, त्याच्यासाठी अंकल टुपेलोंचा पाच दिवसांचा नमुना पुरेसा आहे. चार जुने धवले, सहा स्वतःची गाणी, एक ढोलकी, एक बेंजो आणि ज्या गावांच्या पाट्या आता कुठल्याच रस्त्यावर नाहीत त्यांची नावं. हळदीचं गाणं त्याने जरूर करावं, घर त्यावर चालतं. पण ही दहा गाणीही त्यानेच करावीत. ती दुसरं कुणी करणार नाही आणि आणखी वीस वर्षांनी कोल्ही-कोपरच्या बांधावर खेळलेला माणूसही विचारायला उरणार नाही.